पिकअप घेताय? इसार देण्याआधी चेसीस नंबर मागा

एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, एकाच वर्षी पासिंग (आरटीओत नोंदणी) झालेल्या दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीत ड्रायव्हरसमोर एअरबॅग आणि चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असतं, दुसरीत दोन्ही नसतं. किंमत मात्र दोघींची जवळपास सारखीच सांगितली जाते. दरवेळी यामागे लबाडी असतेच असं नाही. बऱ्याचदा विकणाऱ्यालाही फरक माहीत नसतो. कंपनी मॉडेलचं नाव न बदलता, उत्पादन चालू असतानाच सुरक्षेतला बदल करते आणि तो एका ठरावीक चेसीस नंबरापासून (गाडीवर ठोकलेला तिचा ओळख नंबर) पुढे लागू होतो. त्याआधी बनलेला माल डीलरच्या यार्डात काही महिने उभा राहतो, सणाला विकला जातो, आणि कधी कधी पुढच्या वर्षात पासिंग होतो.

म्हणून "चोवीसचं मॉडेल आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. चोवीस हे पासिंगचं वर्ष, उत्पादनाचं वर्ष, की बदल लागू झाल्याचं वर्ष? सातारा-सांगली भागात पिकअप घेताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मुहूर्ताची घाई, आधी इसार, मग गाडी बघणं आणि कागद सगळ्यात शेवटी, असा उलटा क्रम लागतो. खालचे टप्पे मात्र दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला तर पुढच्या टप्प्यातलं उत्तर चुकीचं निघेल.

तयारी: घरातून निघण्यापूर्वी

सोबत घ्यायच्या वस्तू: चांगली बॅटरी, छोटा आरसा, मोजपट्टी, जुनं कापड, वही आणि फोटो काढता येईल असा फोन. वापरलेली गाडी बघायची असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असलेला मेकॅनिक. स्कॅनर एअरबॅग आणि एबीएसचे कोड वाचणारा हवा. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, म्हणून मेकॅनिकला आधीच विचारा.

आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा: एका खेपेला जास्तीत जास्त किती किलो माल जाणार, आणि रस्त्यात घाट आहे का. तासगावचा द्राक्षमाल मिरज-सांगलीत उतरवणारी गाडी आणि वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरला रोज वर-खाली करणारी गाडी, या दोघींकडून ब्रेकची अपेक्षा सारखी नसते. दुसऱ्या कामासाठी एबीएस नसलेली गाडी सवलतीत मिळाली तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या कामात निदान विचार करायला जागा आहे.

टप्पा १: कारचे नियम पिकअपला लावू नका

१ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, हे खरं. पण ती सक्ती प्रवासी वाहनांच्या एम-१ गटासाठी आहे. मालवाहू पिकअप एन-१ गटात येते, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांपर्यंतचं मालवाहू वाहन. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅपची, म्हणजे गाडी धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणीसुद्धा एम-१ वाहनांसाठीच आहे. त्यामुळे "आता सगळ्या गाड्यांना एअरबॅग येतेच" किंवा "हिला एवढे स्टार आहेत" असं पिकअपबद्दल कुणी सांगितलं, तर कुठल्या चाचणीत आणि कुठल्या चेसीसला, हे विचारा. परदेशात त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या पिकअपचे स्टार इथल्या गाडीला चिकटवू नका. नाव एक असलं तरी पिढी आणि साहित्य वेगळं असू शकतं.

दुसरा गोंधळ बीएस-६ चा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि १ एप्रिल २०२३ ला त्याचा दुसरा टप्पा. दोन्ही धुराचे नियम आहेत. "फेज टू आहे, म्हणजे सगळं आलं" हे चूक आहे. फेज टू गाडीत एबीएस असेलही, नसेलही.

साडेतीन टनांवरची गाडी घेणार असाल तर अजून एक तारीख लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. इथेही मोजली जाते ती उत्पादनाची तारीख, विक्रीची नव्हे. छोट्या पिकअपला हा नियम लागत नाही.

टप्पा २: बदल कुठल्या चेसीसपासून झाला ते शोधा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि याच्यासाठी एक रुपया लागत नाही. लोक माहितीपत्रक बघून थांबतात. माहितीपत्रक आज बनणाऱ्या गाडीचं असतं, यार्डात उभ्या असलेल्या गाडीचं नव्हे. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'वैशिष्ट्यं मॉडेलनुसार बदलू शकतात' अशा अर्थाचं वाक्यही असतं.

चेसीस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात येत नाहीत, म्हणून फोटोवरून वाचताना शून्याला ओ समजू नका. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं: एल म्हणजे २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४, एस २०२५, टी २०२६. महिन्याचं अक्षर कुठे असतं आणि कुठलं अक्षर कुठला महिना, हे कंपनीगणिक बदलतं. ते अंदाजाने ठरवू नका. उत्पादनाचा महिना आणि वर्ष नमुना २१ मध्ये, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रात छापलेलं असतं. वापरलेल्या गाडीच्या आरसीवरही असतं.

महिना कळला तरी काम संपत नाही. बदल महिन्याच्या मधोमधही लागू होतो. खात्रीचा रस्ता असा:

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जा. शोरूमच्या सेल्समनकडे नव्हे. तिथल्या संगणकावरची पार्टची यादी चेसीस नंबरावर उघडते. पूर्ण चेसीस नंबर द्या आणि तीन पार्टची चौकशी करा: एबीएसचं युनिट, ड्रायव्हरच्या एअरबॅगचं मॉड्यूल आणि रिव्हर्सचा सेन्सर. त्या चेसीससाठी पार्ट नंबर निघाला तर कारखान्यातून ती वस्तू बसून आली आहे. निघाला नाही तर आलेली नाही, मग मागच्या बाजूला कुठलंही स्टिकर असो.

नव्या गाडीसाठी डीलरला मोबाइलवर नाही, मेलवर किंवा कागदावर विचारा. मजकूर एवढा पुरे: "चेसीस नंबर अमुक. या गाडीत पुढील वस्तू कारखान्यातून बसवलेल्या आहेत का ते प्रत्येकीसमोर हो किंवा नाही असं लिहून द्यावं: एबीएस, ड्रायव्हर एअरबॅग, शेजारच्या सीटची एअरबॅग, सीट बेल्टचा इशारा, रिव्हर्स सेन्सर. उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावं."

इशारा: डीलर "चेसीस नंबर बुकिंग झाल्यावर मिळेल" म्हणाला तर बुकिंग थांबवा. यार्डात गाडी असेल तर तिचा चेसीस नंबर आहे. गाडी कंपनीतून यायची असेल, तर 'अमुक वस्तू नसलेली गाडी आली तर बुकिंगची रक्कम पूर्ण परत' हे पावतीवर लिहून घ्या.

टप्पा ३: नवी गाडी, जुना साठा

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांना यार्ड रिकामं करायची धडपड असते आणि जुना साठा याच दिवसांत जातो. मुहूर्ताला गाडी घरी आणायला हरकत नाही. तपासणी मात्र निदान दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, गाडीला हार घालण्यापूर्वी करा.

गाडीवर ठोकलेला चेसीस नंबर स्वतः वाचा. तो चेसीसच्या लांब पट्टीवर, बहुतेक उजव्या पुढच्या चाकाच्या आसपास असतो. कापडाने पुसा, फोटो काढा. मग तो इंजिन नंबरासकट नमुना २१ आणि नमुना २२ (कंपनीचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र) शी, पावतीशी आणि विम्याच्या कागदाशी ताडून पाहा. एका अंकाची चूकही नंतर आरटीओत आठवडे खाते.

टायरवर चार अंकी आकडा असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गाडी सप्टेंबरची आणि टायर जूनचे असतील तर ठीक. गाडीपेक्षा टायर नवे असतील तर कुणीतरी ते बदलले आहेत, आणि नव्या गाडीचे टायर का बदलले हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बॅटरीवरची तारीखही पाहा. सहा महिने उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आणि वायपरचे रबर आधी जातात.

किमतीबद्दल एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे त्याआधीच्या किमतीशी तुलना करून "एवढी सूट देतो" असं कुणी म्हणत असेल तर ती सूट नाही, कर कमी झाला आहे. जुन्या साठ्याची सूट आजच्या ऑन-रोड किमतीवरून मोजा.

पडताळणी: इथपर्यंत तुमच्या हातात चेसीस नंबर, उत्पादनाचा महिना आणि डीलरचं हो-नाहीचं लेखी उत्तर असलं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर पैसे देऊ नका.

टप्पा ४: वापरलेली गाडी, आधी कागद मग बॉनेट

वापरलेल्या गाडीत क्रम उलटा करण्याचा मोह फार होतो. गाडी चालवून मन बसलं की कागदातली खोट दिसत नाही.

विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन ॲपवर मालकाचं नाव, कर्जाचा बोजा, फिटनेसची मुदत, विमा आणि कर पाहा. ई-चलान वेगळं तपासा. चोरीच्या गाडीची शंका दूर करायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर नंबर टाकून पाहता येतं.

फिटनेसच्या मुदतीकडे जास्त लक्ष द्या. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसचं पासिंग करावं लागतं. 'कमी वापरलेली' म्हणून विकायला येणारी पिकअप बऱ्याचदा वीस-बावीस महिन्यांची असते, म्हणजे पहिलं पासिंग तोंडावर आलेलं. त्या पासिंगला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक, चमकणाऱ्या पट्ट्या, दिवे, ब्रेक सगळं बघतात. वेगनियंत्रक काढलेला असेल तर तो खर्च आणि हेलपाटा तुमचा. भाव ठरवताना हे मोजा, किंवा पासिंग करून द्यायला सांगा.

एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्यावरच्या पिकअपला लागतं, आणि ते तुमच्या नावावर करून घ्यावं लागतं. आरसीवरचं एकूण वजन बघितल्याशिवाय "परमिटची गरज नाही" हे मान्य करू नका.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसीस नंबर देऊन दोन गोष्टी विचारा. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, किलोमीटरसकट. आणि त्या चेसीसवर एखादा रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) किंवा सर्व्हिस मोहीम बाकी आहे का. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते, मालक बदलला तरी. मोटार वाहन कायद्यातलं रिकॉलचं कलम ११०-अ आहे, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत. बाकी रिकॉल ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा असेल तर तो झाल्यावरच गाडी ताब्यात घ्या. "नंतर करून घ्या" चालणार नाही.

टप्पा ५: वस्तू खरोखर आहे का, आणि चालते का

एबीएस. बॉनेट उघडा. ब्रेक तेलाच्या मास्टर सिलिंडरपासून निघालेल्या नळ्यांचा माग काढा. एबीएस असेल तर त्या एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात शिरतात, त्याला जाड वायरचं कनेक्टर असतं आणि तिथून प्रत्येक चाकाकडे नळी जाते. चाकाजवळ सेन्सरची बारीक वायर दिसते. आता किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर किंवा थोडं चालल्यावर विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे. दिवा लागतच नसेल तर ते जास्त वाईट, कारण कुणीतरी बिघाड लपवायला दिवाच बंद केला असू शकतो.

एअरबॅग. स्टिअरिंगच्या मधोमध एसआरएस किंवा एअरबॅग असं कोरलेलं असतं. तिच्या दिव्याचाही वरचाच नियम. स्टिअरिंग बदलून एअरबॅगचं झाकण असलेलं बसवलेल्या गाड्या मिळतात, आत पिशवी नसते. म्हणून स्कॅनर लावा आणि एअरबॅगचं युनिट उत्तर देतं का पाहा. एअरबॅग किंवा एबीएस बाहेरच्या गॅरेजात नंतर बसवून मिळणारी वस्तू नाही. तशी ऑफर आली तर उठून या.

पुढे लोखंडी गार्ड बसवला आहे का ते बघा. असे गार्ड बसवायला मनाई असल्याचं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. एअरबॅगच्या गाडीत तर तो धोकादायक आहे. धडक आधी गार्डला आणि त्याच्यामार्फत चेसीसला बसते, मग सेन्सरला धक्का कारखान्याने मोजलेल्या वेळी आणि जोराने पोहोचत नाही. गार्ड काढलेल्या जागी चेसीसवर भोकं, वेल्डिंग किंवा वाकलेली पट्टी दिसते का पाहा.

सीट बेल्ट. सगळ्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि एकदा झटका द्या. झटक्याला अडकला पाहिजे, सोडल्यावर स्वतः आत गेला पाहिजे. बेल्ट अडकूनच बसला असेल तर गाडीने मोठी धडक खाल्ली असण्याची शक्यता आहे.

लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. ज्या पिकअपमध्ये एबीएस नाही, तिच्या मागच्या ब्रेकचा जीव या एका वस्तूत आहे, आणि गाडी घेणारे शंभरातले थोडेच ती बघतात. गाडीखाली वाका. चेसीसला बसवलेला एक व्हॉल्व्ह आणि तिथून मागच्या एक्सलपर्यंत गेलेली दांडी किंवा स्प्रिंग दिसेल. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत.

आता जादा माल भरण्यासाठी मागच्या स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवलेली गाडी घ्या. माल भरला तरी हौदा पुरेसा बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी काम करतात, सगळा भार पुढच्यांवर येतो, आणि घाट उतरताना पुढचे पॅड तापून पेडल पोकळ लागतं. म्हणजे गाडी सर्वांत जड असते तेव्हाच तिचे ब्रेक अपुरे पडतात. उलट काही जण ती दांडी तारेने वर बांधून टाकतात, कायम 'भरलेली' असल्यासारखी. मग पावसात रिकामी गाडी जोरात थांबवली की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. पाट्यांची संख्या कंपनीच्या संख्येशी जुळते का, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट मूळ लांबीचे आहेत का, दांडीवर तार, वेल्डिंग किंवा वाकलेपणा आहे का, हे आरशाने आणि बॅटरीने बघा.

बदलानंतरच्या एबीएस गाड्यांत ब्रेकची ही वाटणी बहुतेक इलेक्ट्रॉनिक युनिटच करतं, त्यामुळे दांडी नसणं हा दोष नाही. दांडीही नाही आणि एबीएसही नाही, असं दिसलं तर मात्र मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुराचं पाणी. कृष्णा-वारणाकाठी हा वेगळा तपास आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी तिच्या कितीतरी वर गेलं होतं. आरसीवरचा पत्ता पूरपट्ट्यातला असेल तर केबिनमधलं मॅटिंग उचलाच. एअरबॅगचं युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटांमधल्या उंचवट्यावर, म्हणजे जमिनीलगत असतं, पाण्यात सर्वांत आधी तेच जातं. सीटच्या रुळांवर गंज, बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या भागात गाळाची रेघ, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरांत हिरवट थर, यातलं काहीही दिसलं तर भाव कमी करून मागू नका, गाडी सोडा. आज दिवा विझतो म्हणून पिशवी उद्या फुगेलच याची खात्री राहत नाही.

किलोमीटर. मीटरवर २०,००० आणि चारही टायर गाडीनंतरच्या तारखेचे, क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, सीटची कड बसलेली? मीटर खोटं बोलतं आहे. भाड्याने चालणारी पिकअप दिवसाला सव्वाशे किलोमीटर सहज करते, म्हणजे वर्षाला चाळीस हजार.

टप्पा ६: आधी वजनकाटा, मग घाट

बाजार समितीजवळचा किंवा साखर कारखान्याजवळचा वजनकाटा गाठा. ड्रायव्हर खाली उतरवून रिकामी गाडी तोला आणि आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. भरलेल्या टाकीसाठी ४०-५० किलोचा फरक धरा. त्याहून बराच जास्त फरक म्हणजे हौदा वाढवलाय, पत्रा चढवलाय, पाटे घातलेत किंवा सगळंच.

उदाहरण घ्या: आरसीवर एकूण वजन २,९८० आणि रिकामं १,६८०, म्हणजे कायदेशीर माल १,३०० किलो. काट्यावर रिकामी गाडी १,८६० भरली तर १८० किलो आधीच गेले आणि उरले १,१२०. वाढवलेला हौदा आरसीवर चढवलेला नसेल तर पासिंगला अडवतात आणि अपघातात विमा कंपनीला नकार द्यायला कारण मिळतं.

मग रिकाम्या, मुरमाच्या मोकळ्या जागेत ताशी ३० किलोमीटरला ब्रेक जोरात दाबा. एबीएस असेल तर पायाखाली थरथर जाणवते आणि स्टिअरिंग वळवता येतं. एबीएस नसेल तर गाडी एका बाजूला ओढते का पाहा. ही चाचणी रहदारीच्या रस्त्यावर कधीही करू नका.

त्यानंतर माल भरून. सिमेंटची २० पोती म्हणजे बरोबर एक टन. साताऱ्याकडचे असाल तर पसरणी घाटात वर जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खाली या. सांगलीकडे सपाटी असल्याने निदान एखादा लांब उतार शोधा, नुसतं बायपासला पळवून बघणं पुरेसं नाही. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता उष्णता पाहा. एकच चाक जास्त तापलं तर सिलिंडर किंवा कॅलिपर अडकतंय. पुढची दोन्ही रटरटीत आणि मागची थंड असतील तर व्हॉल्व्हकडे परत जा.

टप्पा ७: इसार, बोजा, नाव

आता पैसे. इसाराच्या कागदावर चेसीस नंबर, किलोमीटर, ठरलेली किंमत, बाकी चलान कोण भरणार, आणि 'अमुक सुरक्षा वस्तू कारखान्यातून बसलेल्या आहेत' हे वाक्य लिहा. रक्कम खात्यातूनच द्या.

बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा) शिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. कर्ज बाकी असेल तर ती रक्कम थेट कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात नको.

नावावर करण्यासाठी विकणाऱ्याचा नमुना २९ (विक्रीची सूचना) आणि दोघांच्या सह्यांचा नमुना ३० (नाव बदलण्याचा अर्ज). राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५० आणि सांगलीची एमएच-१० ही वेगवेगळी कार्यालयं आहेत. एकीकडची गाडी दुसरीकडे नेताना नमुना २८, म्हणजे ना-हरकत लागते. गाडीचा नंबर मात्र तोच राहतो.

विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. फास्टॅगही जुन्या मालकाला बंद करायला सांगा आणि नवा घ्या.

परवान्याची काळजी नको. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

टप्पा ८: पहिले हजार किलोमीटर

वापरलेली गाडी असेल तर ब्रेक तेल पहिल्याच आठवड्यात बदला. तेलात पाणी मुरतं, घाटात ते उकळतं आणि पेडल खाली जातं. हजार किलोमीटरला यू-बोल्ट आणि चाकांचे नट सर्व्हिस सेंटरच्या टॉर्क पान्याने आवळून घ्या, अंदाजाने पाना मारून नको. नव्या गाडीतही हे करा, कारण पाटे बसतात तसे यू-बोल्ट ढिले होतात.

रिव्हर्स सेन्सर हौदा भरल्यावर पुन्हा तपासा. मागचा फाळका खाली सोडून क्रेट बाहेर काढले की सेन्सर त्याच क्रेटला अडथळा समजून ओरडतो, मग ड्रायव्हर वायर उपटून टाकतो. वायर उपटायची नाही, माल फाळक्याच्या आत बसेल एवढाच भरायचा. आणि चेसीस नंबर, पार्ट काउंटरवरून मिळालेले पार्ट नंबर आणि डीलरचं लेखी उत्तर यांची एक प्रत गाडीच्या कागदांत ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा पहिल्यांदा हेच मागेल.